गावाला स्पर्धेत उतरवण्याआधी: वॉटर कप, पीकस्पर्धा आणि फार्मर कपची पारख

स्पर्धा जाहीर झाली की ग्रामसभेत पहिला प्रश्न येतो, ‘बक्षीस किती?’ खरं तर आधी विचारायला हवं की गुण कशाकशाला आहेत. बक्षीस एक-दोन गावांना मिळतं, पण गुणपत्रिकेत जे लिहिलंय ते काम भाग घेणारं प्रत्येक गाव करतं. जे लिहिलेलं नाही, ते कितीही गरजेचं असलं तरी मागे पडतं. म्हणून महाराष्ट्रातल्या ग्रामविकासाच्या स्पर्धांची पारख इथे बक्षिसाच्या आकड्यावरून केलेली नाही, गुणपत्रिकेवरून केली आहे. जास्त जागा वॉटर कपला, म्हणजे गावांनी पाणी अडवण्याच्या कामांत केलेल्या स्पर्धेला दिली आहे, कारण स्पर्धेने काय साधतं आणि कुठे चुकतं हे दोन्ही तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

पानी फाउंडेशनने ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ २०१६ साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू केला. ११६ गावं उतरली आणि ५० लाखांचं पहिलं बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने नेलं. पुढच्या वर्षी तालुके ३० झाले आणि वर्धा जिल्ह्यातलं काकडदरा हे छोटं कोलाम गाव पहिलं आलं. २०१८ मध्ये ७५ तालुके, पहिला नंबर माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा, बक्षीस ७५ लाख. २०१९ ला बार्शी तालुक्यातलं सुर्डी. वॉटर कपची ती शेवटची फेरी. स्पर्धा ४५ दिवसांची, एप्रिल-मे महिन्यातली. रब्बी निघालेली, खरीप पेरायचं अजून लांब, विहिरी तळाला गेलेल्या आणि प्रत्येकाच्या डोक्यात पाणीच. हा काळ निवडला यातच आयोजकांची अर्धी हुशारी आहे. हीच स्पर्धा ऑगस्टमध्ये ठेवली असती तर श्रमदानाला दहा माणसं जमली नसती.

बक्षिसाचा हिशोब सरळ मांडला तर गावाने यात उतरूच नये. २०१८ साली चार हजारांच्या वर गावं होती आणि राज्यपातळीवर बक्षिसं बोटांवर मोजण्याइतकी. तालुक्याला वेगळी बक्षिसं होती म्हणून आशा थोडी जवळ आली, तरी बहुतेक गावांना हातात काही पडणार नव्हतं. तरीही लोक पहाटे पाचला टिकाव-घमेलं घेऊन माळावर गेले. त्यामागची कारणं समजून घेतली पाहिजेत, कारण उद्या कुणाला दुसऱ्या विषयावर स्पर्धा घ्यायची असेल तर नक्कल बक्षिसाची करून भागणार नाही.

पहिलं कारण म्हणजे शेवटची तारीख. पाणलोटाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळतं, कारण ते आजच करायला पाहिजे असं कधीच नसतं. ४५ दिवसांची मुदत आली की उद्यावर ढकलता येत नाही. दुसरं, प्रशिक्षण आधी दिलं जायचं. गावाने निवडलेली माणसं, त्यात बायकाही, निवासी शिबिराला जायची आणि समपातळी कशी काढायची, शिवार कसं वाचायचं हे हाताने शिकून यायची. तिसरं, शेजारचं गाव. राज्यातली चार हजार गावं कुणाला दिसत नाहीत, पण ओढ्यापलीकडच्या गावात काल दोनशे माणसं होती ही बातमी दुपारपर्यंत पारावर पोचते. चौथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गावात दोन गट असतात, भावकी असते, ग्रामपंचायतीची निवडणूक झालेली असते. पुढाऱ्याच्या कामाला विरोधी गट येत नाही. स्पर्धेचं काम कुणा एकाचं नसतं, त्यामुळे दोघांनाही मान न गमावता एका चरावर येता येतं.

मोजमाप, म्हणजे स्पर्धेचा कणा

वॉटर कपमध्ये श्रमदानाचं आणि यंत्रकामाचं उद्दिष्ट गावाच्या आकारमानावर ठरायचं आणि मोजणी घनमीटरमध्ये व्हायची. श्रमदानाचं मुख्य काम समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एका पातळीत खणलेला चर. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर एक मीटर लांब खणला की ०.१८ घनमीटर होतो. म्हणजे एक घनमीटर भरायला साधारण साडेपाच मीटर चर लागतो. उन्हाळ्यात कडक झालेल्या मुरमाड माळावर एकाने खणायचं, दुसऱ्याने माती ओढायची असं धरलं तर जोडीला सकाळच्या तीन तासांत एक घनमीटर होतं. रोज दोनशे माणसं आली तर दिवसाला शंभर घनमीटर आणि न चुकता ४५ दिवस आली तर साडेचार हजार. प्रत्यक्षात लग्नसराई असते, यात्रा असते, एखाद्याचं निधन होतं. हिशोब ३० दिवसांचाच धरावा. १ मेच्या महाश्रमदानाला शहरातून जलमित्र, म्हणजे स्वयंसेवक यायचे, त्या दिवसाचा उत्साह मोठा असायचा. पण पाहुण्यांच्या संख्येच्या प्रमाणात काम वाढत नाही. आदल्या संध्याकाळी चुन्याच्या फक्कीने आखणी करून ठेवली नसेल, हत्यारं मोजून ठेवली नसतील, तर अर्धी सकाळ रांगेत जाते.

आखणी चुकली तर सगळं वाया, म्हणून हे जरा सविस्तर. समपातळी काढायला हायड्रोमार्कर वापरतात. दोन सारख्या उंचीच्या काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा आणि दोन्हींना बांधलेली पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक काठी जागेवर उभी, दुसरी पुढे सरकवायची. दोन्हीकडे पाण्याचा आकडा सारखा आला की ते दोन बिंदू एका पातळीत. साधं आहे, पण चुका ठरलेल्या होतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की आकडा खोटा येतो. म्हणून नळी भरताना एक टोक उंच भांड्यात बुडवून पाणी सलग वाहू द्यायचं आणि नळी पूर्ण उलगडून बुडबुडे बघायचे. उचलून नेताना तोंडावर अंगठा ठेवला नाही तर पाणी सांडतं. तसं सांडलं तर दोन्हीकडे सारखंच उतरतं, पण आकडा वाचताना अंगठा तसाच राहिला तर पाणी पातळी धरत नाही. काठी दगडावर किंवा खड्ड्यात टेकवली तर तेवढा फरक आखणीत येतो.

हा फरक किती महाग पडतो? तीस मीटर लांबीच्या चरात एका टोकाला १५ सेंटिमीटर उतार राहिला, तर ३० सेंटिमीटर खोलीचा चर त्या टोकाला काठोकाठ भरतो तेव्हा वरच्या टोकाला निम्माच भरलेला असतो. खालच्या टोकावरून पाणी बांध फोडून बाहेर पडतं, खालच्या चरात एकदम शिरतं, तोही फुटतो. पाणी अडवायला केलेलं काम घळ पाडतं. यावर दोन उपाय आहेत. एक, चर सलग न ठेवता मध्ये मध्ये न खणलेल्या मातीची आड ठेवायची, म्हणजे चूक तेवढ्या तुकड्यातच राहते. दोन, खणलेली माती चराच्या खालच्या बाजूला, कडेपासून वीतभर जागा सोडून टाकायची. वरच्या बाजूला टाकलेली माती पहिल्या पावसात परत चरातच येते. ही चूक शहरातून आलेल्या गटांकडून हमखास होते.

परीक्षणासाठी जुना चर साफ करून नव्यात मोजण्याचा मोह होतो. तो आवरायला काम सुरू होण्याआधीचे जागेसकट फोटो आणि मध्ये न खोदलेला मातीचा एक खुंट एवढं पुरतं. मूळ जमीन कुठे होती हे तो खुंट सांगतो. जुन्या रचनांच्या दुरुस्तीला वेगळे गुण होते, ही वॉटर कपच्या गुणपत्रिकेतली मला फार आवडलेली गोष्ट. एरवी ओढा नव्या बंधाऱ्याकडे असतो, जुन्याच्या दुरुस्तीकडे लक्ष जात नाही. इथे फुटलेला सांडवा बांधला तरी गुण मिळायचे.

अनघड दगडी बांध, म्हणजे ओढ्यात नुसते दगड रचून केलेला बांध घालताना एवढंच पाहावं की मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खोलगट असावा. टोकं मधल्या भागाच्या बरोबरीने किंवा खाली राहिली तर पाणी कडेने वळसा घेऊन काठ खातं आणि पुढच्या वर्षी बांध ओढ्याच्या मधोमध एकटा उभा दिसतो. सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यांना गुण असल्याने गावागावात ते झाले. अनेक ठिकाणी ते दोन-तीन वर्षांत तुंबले, कारण खड्ड्याआधी गाळ आणि साबणाचा थर अडवणारी छोटी कुंडी केली नव्हती. रोपवाटिका आणि माती परीक्षण याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गुण मिळायचे, कामं व्हायची, अहवाल फायलीत राहायचा.

यंत्र आलं की काय बदलतं

भारतीय जैन संघटनेने श्रमदानात उतरलेल्या गावांना मशीन पुरवली, त्यामुळे यंत्रकामाचा वेग वाढला. मशीन फुकट असलं तरी डिझेल गावाचं किंवा शासनाच्या मदतीतून. मोठं पोकलेन तासाला १२ ते १५ लिटर खातं. दोनशे तासांना १४ च्या हिशोबाने २८०० लिटर, लिटरला ९० रुपये धरले तर २ लाख ५२ हजार. ही रक्कम स्पर्धा सुरू होण्याआधी कुठून येणार हे ठरलेलं नसेल तर चालू कामात मशीन उभं राहतं. वर्गणीची पावती, कोणाकडे जमा, डिझेलची नोंद कोण ठेवणार, हे ग्रामसभेत लिहून घ्यावं. गावं फुटतात ती बहुतेक याच वहीवरून.

मशीन डोंगरावर नेणं अवघड, ओढ्यात उतरवणं सोपं. शिवाय नाल्यात तासाला घनमीटर भराभर भरतात. म्हणून माथ्यावर चर कमी आणि पायथ्याला खोलीकरण जास्त असं होतं. माथा ते पायथा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं काम आधी आणि मग खाली, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, तरीही गुणांचा ओढा उलटा असतो. आपला बहुतेक प्रदेश काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात. ओढा त्या थराच्या तळाच्याही खाली खोदला तर काठाच्या विहिरींचं पाणी ओढ्यात उतरतं आणि खालच्या गावाला जातं. खोलीकरणाला तीन मीटरची मर्यादा आहे, तरी तीन मीटर ही परवानगी समजू नये. मुरूम कुठे संपतो हे शेजारच्या विहिरीच्या कठड्याखाली डोकावून आधी बघावं. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवला तर पावसाने परत ओढ्यात येतो. तो उचलून शेतात नेण्याची सोय मशीन येण्याआधी लागली पाहिजे. गाळ नेणाऱ्या ट्रॅक्टरांची यादी तयार नसेल तर मशीन दोन दिवस उशिरा आणणं परवडतं.

साठवणक्षमता म्हणजे पाणी नव्हे

स्पर्धा संपली की आकडे कोटी लिटरमध्ये जाहीर होतात. ते खोटे नसतात, पण ते खणलेल्या जागेचे असतात. एक गाव घेऊन हिशोब करू. हाताने साडेचार हजार घनमीटर, मशीनने दोनशे तासांत तासाला साठ धरून बारा हजार. एकूण १६,५०० घनमीटर. पावसाळ्यात ते दोनदा पूर्ण भरलं आणि सगळं मुरलं असं मानलं तर ३३ हजार घनमीटर, म्हणजे ३ कोटी ३० लाख लिटर. शिवार हजार हेक्टरचं आणि पाऊस ५०० मिलिमीटर असेल तर गावावर पडणारं पाणी ५० लाख घनमीटर. आपण खणून अडवलं ते त्याच्या एक टक्कासुद्धा नाही. याचा अर्थ काम व्यर्थ असा अजिबात नाही. चर पाण्याचा वेग मोडतात, माती थांबवतात, पाऊस थांबून थांबून पडला तर दोनपेक्षा जास्त वेळाही भरतात. बांधबंदिस्ती असलेल्या शेतात तर ओल जागेवरच मुरते आणि तिचा हिशोब या आकड्यात येतच नाही.

आता हेच ३३ हजार घनमीटर खर्च करून बघा. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी २५ हजार घनमीटर लागतात. गावाच्या दीड महिन्याच्या घामाचं पाणी म्हणजे सव्वा हेक्टर ऊस. रब्बी ज्वारी किंवा हरभऱ्याला सहा-सहा सेंटिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर हेक्टरी १२०० घनमीटर, म्हणजे सत्तावीस हेक्टर. हा फरक ग्रामसभेत फळ्यावर मांडून दाखवावा असा आहे. वॉटर कपच्या गुणपत्रिकेत जलबजेट, म्हणजे गावाच्या पाण्याचा जमाखर्च होता, पाणीबचतीला गुण होते, पण ४५ दिवसांत पाणी अडवल्याचं मोजता येतं, ते कसं वापरलं हे मोजता येत नाही. वापर ठरतो ऑक्टोबरात, परीक्षक येऊन जातात मे-जूनमध्ये. पाणी दिसलं की त्याच वर्षी नवी बोअर आणि उसाची लागण होते. हिवरे बाजारने ऊस आणि केळीवर, शेतीसाठीच्या बोअरवर बंधन घातलं आणि दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला, म्हणून तिथलं पाणी टिकलं. ती शिस्त गावाने कित्येक वर्षांत अंगी बाणवली, दीड महिन्याच्या स्पर्धेत ती येत नाही. आयोजकांना हे उमगलं असावं, कारण वॉटर कपनंतर आलेली समृद्ध गाव स्पर्धा दीड वर्षाची होती आणि तिच्यात पाण्याच्या जोडीला पीक, गवत, माती हे विषय आले.

आणखी एका गोष्टीवर गप्प राहणं बरोबर नाही. चर खणायला भूमिहीन मजूर येतो, विहीर जमीनवाल्याची भरते. भूजलावर हक्क जमिनीबरोबर जातो. स्पर्धेच्या गुणपत्रिकेत माणशी श्रम मोजले जातात, माणशी लाभ मोजला जात नाही. ज्या गावाला हे खुपतं त्याने स्पर्धेआधीच ठराव करावा. सार्वजनिक विहिरीच्या वरच्या बाजूचं काम आधी, गायरानावरच्या गवताचा पहिला हक्क ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्या जनावरांचा, गावाला बक्षीस मिळालं तर त्यातला ठरलेला वाटा भूमिहीन कुटुंबांसाठी. कोणतीही स्पर्धा हे मागत नाही. मागायला हवं.

पीकस्पर्धा: जुनी, स्वस्त आणि अपुरी

कृषी विभागाची पीकस्पर्धा वैयक्तिक आहे. खरिपात भात, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, तूर, मूग, उडीद, सोयाबीन, भुईमूग, सूर्यफूल ही ११ पिकं, रब्बीत ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस ही पाच. अर्जाची शेवटची तारीख मूग-उडदाला ३१ जुलै, खरिपातल्या बाकी पिकांना ३१ ऑगस्ट, रब्बीला ३१ डिसेंबर. प्रवेश शुल्क पिकाला ३०० रुपये, आदिवासी शेतकऱ्यांना १५०. तालुक्याचं पहिलं बक्षीस ५ हजार, राज्याचं ५० हजार. भातासाठी किमान २० आर आणि इतर पिकांसाठी ४० आर सलग क्षेत्र लागतं. सातबारा, आठ-अ आणि शुल्क भरल्याचं चलन तयार ठेवा. अर्ज मागे येतो तो बहुतेक सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद नसल्यामुळे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, वेळेत केली तर हा घोळ होत नाही.

या स्पर्धेत कापणी प्रयोग घेऊन, म्हणजे शेताच्या ठरावीक तुकड्यातलं पीक कापून आणि वजन करून उत्पादन काढतात, त्यामुळे मोजमाप बऱ्यापैकी विश्वासाचं आहे. कापणीच्या दिवशी धान्य ओलं असतं. वाळवून वजन घेतल्याची नोंद होते का, यावर शेतकऱ्याने स्वतः उभं राहून लक्ष द्यावं. खरी उणीव वेगळी आहे. स्पर्धा हेक्टरी क्विंटल विचारते, खर्च विचारत नाही. चार क्विंटल जास्त काढायला तेवढ्याच किमतीच्या खतं-फवारण्या वाढवल्या तरी नंबर येतो, मात्र खिशात काही येत नाही. बागायतदार आणि कोरडवाहू एकाच यादीत असल्याने दोन पाळ्या देऊ शकणारा जिंकतो. आणि जिंकणाऱ्याने नेमकं काय केलं हे शेजाऱ्यापर्यंत पोचवायची सोय स्पर्धेतच बांधलेली नाही. निकालानंतर त्या शेतावर शिवारफेरी आणि खर्चाचा तक्ता जाहीर करणं सक्तीचं केलं, तर याच पैशांत ही स्पर्धा कितीतरी उपयोगाची होईल.

फार्मर कप: गट आला, नफा आला

पानी फाउंडेशनचा फार्मर कप २०२२ पासून. इथे एकट्याला प्रवेश नाही, शेतकऱ्यांच्या गटाला आहे, आणि पिकाच्या पेरणीपूर्व तयारीपासून विक्रीपर्यंत काय कधी करायचं याची ठरलेली कार्यपद्धती आहे. तज्ज्ञांच्या डिजिटल शेतीशाळा संध्याकाळी मोबाइलवर होतात. आधीच्या स्पर्धांमधल्या दोन चुका इथे दुरुस्त झालेल्या दिसतात. कालावधी पूर्ण हंगामाचा आहे, आणि खर्चाच्या नोंदीही मोजल्या जातात.

गटाचा फायदा कुठे होतो हे सोयाबीनच्या बियाण्यावर बघू. गटातल्या प्रत्येकाच्या घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, पाच-सहा दिवसांनी उगवलेले मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पुरतात. साठ उगवले तर ३५ किलो धरायचे. त्याच्याही बरंच खाली आलं तर ते बियाणं पेरायचंच नाही, गटातल्या दुसऱ्याचं घ्यायचं. एकट्याने ही परीक्षा घेतली आणि बियाणं नापास झालं, तरी तो तेच पेरतो, कारण ऐन वेळी दुसरं आणायला पैसे नसतात. गटात ती सोय होते. तसंच पाच टक्के निंबोळी अर्काचं. शंभर लिटर द्रावणाला पाच किलो निंबोळी लागते. ती उन्हाळ्यात वेचून ठेवलेली असेल तरच ऑगस्टमध्ये मिळते आणि वेचायला दहा घरांची मुलं लागतात. सावड किंवा इर्जिक, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम करणं, ही आपल्याकडची जुनीच रीत. स्पर्धेने तिला परत निमित्त दिलं, हे मला या स्पर्धेचं सगळ्यात मोठं देणं वाटतं. खुरपणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत तेव्हा तिची किंमत रुपयांत मोजता येते.

अडचणीही आहेत. नोंदींचा सगळा भार गटातल्या एका लिहित्या-वाचत्या पोरावर पडतो. त्याला नोकरी लागली की गट बसतो. सुरुवातीपासून दोघांनी नोंदी ठेवाव्यात, त्यात एक बाई असावी, कारण खुरपणी-काढणीच्या मजुरीचा खरा हिशोब तिच्याकडे असतो. बरेच गट निविष्ठा, म्हणजे बियाणं-खतं एकत्र घेतात, पण माल मात्र प्रत्येक जण आपापल्या आडत्याकडे नेतो. त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात म्हणून. ती गाठ कोणतीही कार्यपद्धती सोडवत नाही. एकत्र विक्री करायची असेल तर हंगामाच्या आधी कोणाकडून कोणाची उचल आहे हे गटात उघडपणे मांडावं लागतं, आणि ते बक्षिसाच्या ओढीने होत नाही, विश्वासाने होतं.

नंबर की निकष

स्पर्धेची रचना करणाऱ्यांसाठी थोडंसं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं तेव्हा सरकारने अनुदान न देता फक्त बक्षिसं ठेवली, आणि लोकांनी बक्षिसाच्या कितीतरी पट श्रम आणि पैसा घातला. त्याची उणीव एवढीच की समिती कधी येणार हे गावाला माहीत असे. रांगोळ्या आदल्या रात्री निघत. त्यानंतर केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला. त्यात नंबर नव्हता, निकष पूर्ण करील त्या प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकसंख्येप्रमाणे रक्कम होती. २००५ मध्ये देशात अवघे ४० पुरस्कार होते, २००७ मध्ये ४,९५९ झाले. संख्या अशी वाढली की तपासणी पातळ होते, आणि पुरस्कारानंतर उघड्यावर जाणं पुन्हा सुरू झालेली गावं पुष्कळ निघाली.

नंबराच्या स्पर्धेत मागे पडलेलं गाव अर्ध्यात सोडतं, निकषाच्या पुरस्कारात गाव रेषेपर्यंत पोचून थांबतं. दोन्ही एकत्र करावं: निकष गाठणाऱ्या प्रत्येक गावाला छोटी रक्कम, वर थोडे नंबर. आणि निम्मी रक्कम दोन वर्षांनी, न सांगता केलेल्या तपासणीनंतर. १७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झालेल्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात राज्यातल्या पहिल्या ग्रामपंचायतीला ५ कोटी आहेत. एवढ्या रकमेला तर ही मागे ठेवलेली निम्मी फारच गरजेची आहे.

उतरायचं ठरवलेल्या गावाला आता कामाचं सांगतो. गुणपत्रिका मोठ्या अक्षरांत लिहून चावडीवर लावा आणि प्रत्येक ओळीपुढे दोन खुणा करा, एक गुणांची, दुसरी ते काम स्पर्धा नसती तरी आपल्याला हवं होतं का याची. ज्या ओळींना दुसरी खूण नाही तिथे श्रम घालू नका, नंबर गेला तरी. ज्या कामाला दुसरी खूण आहे पण गुण नाहीत, त्याला दिवस राखून ठेवा. रोजची हजेरी घरांप्रमाणे घ्या, माणसांप्रमाणे नको. न आलेली घरं लगेच दिसतात आणि त्यांच्याकडे संध्याकाळी जाता येतं. मोजमापाची वही गावातल्या दोन्ही गटांच्या एकेका माणसाने मिळून लिहावी.

पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा स्पर्धा संपलेली असेल, परीक्षक येऊन गेलेले असतील. त्या पावसातच, तो थांबायची वाट न बघता, चार माणसांनी खोरं घेऊन माथ्यापासून चालत खाली यावं. कोणता चर एका टोकाला आधी भरला, कुठे बांध पाझरतोय, कुठल्या दगडी बांधाच्या कडेने पाणी वळलं हे त्या तासाभरातच दिसतं. एका खोऱ्याच्या मातीने बुजणारं भगदाड सकाळपर्यंत ट्रॉलीभर मातीचं होतं.